साधेपणाच्या पलीकडे: गणपतराव देशमुखांची कारकीर्द

गणपतराव देशमुख ३० जुलै २०२१ रोजी गेले. त्यांच्यावरचे बहुतेक मृत्युलेख एसटीच्या प्रवासापाशीच थांबले. ११ वेळा आमदार होऊनही माणूस साधा राहिला, याचे मध्यमवर्गाला नवल वाटते. मला वाटत नाही. माझ्या वडिलांचा सारा जन्म पायी आणि एसटीत गेला. त्याला कोणी साधेपणा म्हटले नाही, गरिबीच म्हटले. तेव्हा या कारकिर्दीचे मूल्यमापन वेगळ्या निकषांवर व्हायला हवे.

पहिला निकष निष्ठेचा. १९६२ साली ते सांगोल्यातून शेतकरी कामगार पक्षातर्फे निवडून आले. १९७२ आणि १९९५ साली पराभूत झाले, तरी त्यांनी पक्ष सोडला नाही. रिपब्लिकन पक्षाची शकले पाहिलेल्या आपल्याला ही निष्ठा मोलाची वाटणारच. परंतु तिचा दाखला देऊन आपल्या प्रतिनिधींना नावे ठेवताना एक भेद विसरता कामा नये. देशमुखांच्या पाठीशी दुष्काळी तालुक्यातील कष्टकरी शेतकऱ्यांची हक्काची मते होती. १९३२ च्या पुणे कराराने आपल्याला राखीव जागा दिल्या. त्या जागांवर निवडून आणणारी बहुसंख्य मते मात्र इतरांची. निष्ठेलाही सामाजिक पाया लागतो.

दुसरा निकष सत्तेचा. १९७८ ते १९८० च्या पुलोद सरकारात देशमुख मंत्री होते. त्याच सरकारच्या काळात, २७ जुलै १९७८ रोजी, दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव संमत केला. मराठवाड्यात दलितांची घरे जळाली आणि ठराव कागदावर राहिला. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी, तोही रस्त्यावरच्या दीर्घ लढ्यामुळे. हा दोष एकट्या देशमुखांचा नव्हे. पण प्रामाणिक माणूस मंत्रिमंडळात असणे आणि विधिमंडळाचा शब्द गावकुसाबाहेर पोहोचणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

तिसरा निकष वारशाचा. २०१९ साली ते थांबले, तेव्हा उमेदवारी नातवाकडे गेली. २०२४ साली दुसरा नातू निवडून आला. कष्टकऱ्यांच्या पक्षाला अर्धशतकानंतरही घराबाहेरचा उमेदवार मिळू नये, ही उणीव साधेपणाच्या कौतुकाखाली झाकली गेली.

आपल्या विद्यार्थ्यांनी देशमुखांची निष्ठा जरूर घ्यावी. मात्र आमदार एसटीने आला की मोटारीने, हे विचारू नये. सभागृहातला ठराव कोणत्या वस्तीपर्यंत आला, हे विचारावे.