जेऊरच्या काचेवरचा सूर्य

खग्रास ग्रहणाचे छायाचित्र आपण सहसा एका नजरेत उरकतो. मधोमध काळी चकती, भोवती पांढरी झळाळी, की झाले. २२ जानेवारी १८९८ रोजी जेऊरच्या माळावर काचेच्या पट्ट्यांवर जो सूर्य उतरवला गेला, त्याला ही घाई मानवत नाही. तो सावकाश वाचावा लागतो. आणि त्याआधी तो उतरला कसा हे पाहावे लागते, कारण त्याचे निम्मे सौंदर्य यंत्राच्या रचनेत आहे.

जेऊर म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातले. सोलापूरहून रेल्वेने पुण्याकडे निघाले की कुर्डुवाडी जाते, कुंकवाचे केम जाते आणि जेऊर येते. आज उजनीच्या पाण्यावर या भागात ऊस आणि केळी उभी आहेत. १८९८ साली हा सगळा कोरडवाहू मुलूख होता, आणि नुकत्याच सरलेल्या दुष्काळातून सावरत होता. पुण्या-मुंबईत प्लेग होता. रँडच्या वधाला सात महिने झाले होते. अशा दिवसांत चंद्राची सावली विजयदुर्गापाशी किनाऱ्यावर चढली आणि जेऊरवरून वऱ्हाड-नागपूरकडे, पुढे थेट बक्सरपर्यंत गेली. या वाटेवर ठिकठिकाणी राहुट्या पडल्या होत्या. विजयदुर्गाला ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर होते, वऱ्हाडात तळणीला ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची मंडळी होती. जेऊरच्या जमेला जानेवारीतले कोरडे आभाळ होते आणि दारात जी.आय.पी. रेल्वे होती.

जेऊरला तळ ठोकलेल्यांत पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला होते. कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे ते प्रमुख. त्यांच्याकडची ग्रब कंपनीची वीस इंची परावर्तक दुर्बीण ही त्या काळची भारतातली सर्वांत मोठी. मृगातल्या तेजोमेघाचा वर्णपट तपासून त्यांनी १८९१ मध्ये खुद्द लॉकियर यांच्या मताला छेद दिला होता. जेऊरच्या ग्रहणावरचा त्यांचा अहवाल १९०२ साली छापला गेला. त्याच्या शीर्षकात २१-२२ जानेवारी अशी जोडतारीख आहे. खगोलशास्त्रज्ञांचा दिवस तेव्हा दुपारी बाराला सुरू होई. ग्रहणाच्या वेळी जेऊरला नवा दिवस लागला होता आणि ग्रिनिचला अजून जुनाच चालू होता. अचूकपणाची ही सवय मला फार प्रिय आहे.

दुसरे होते कॅलिफोर्नियाच्या लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेल, पत्नी एलिझाबेथ यांच्यासह. कॅम्पबेल यांनी पुढे अनेक ग्रहणे गाठली. १९२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वॉलल येथून त्यांच्या तुकडीने आइन्स्टाइनच्या प्रकाशवक्रतेला भक्कम पुरावा दिला. त्या साऱ्या मालिकेतले पहिले ग्रहण जेऊरचे.

त्यांच्या सामानात चाळीस फुटी कॅमेरा होता. त्याची कल्पना लिकच्याच शेबर्ले यांची, १८९३च्या चिलीतल्या ग्रहणासाठी काढलेली. भिंग अवघे पाच इंच रुंद, पण नाभीय अंतर चाळीस फूट. इतक्या लांबीमुळे काचेवर सूर्याची प्रतिमा साडेचार इंचांची पडते. आता अडचण अशी की सूर्य सरकतो. एरवी अख्खी दुर्बीण त्याच्यामागे फिरवतात. चाळीस फुटांचा सांगाडा थरथरू न देता फिरवायचा कसा? शेबर्ले यांनी तो फिरवलाच नाही. ग्रहणाच्या घटकेला सूर्य जिथे असणार त्या दिशेला भिंग कायमचे रोखून ठेवले, आणि खाली घड्याळी यंत्राने फक्त काचेची पट्टी सरकत ठेवली. भिंगाचा आधार वेगळा, कापडी नळीचा आधार वेगळा. वाऱ्याने नळी हलली तरी भिंगाला धक्का नाही. एवढ्या अवाढव्य रचनेत हलायचे ते फक्त एका काचेने. गणित इतके नेटके बसलेली रचना पाहताना मला चांगल्या कवितेसारखा आनंद होतो. चिलीत डोंगराचा उतार मदतीला होता. जेऊर सपाट, आणि जानेवारीचा दुपारचा सूर्य पन्नासेक अंशांवर. म्हणजे काचेपासून भिंग तीसेक फूट उंच हवे. ती उंची सपाट माळावर साधावी लागली.

आणि हे सगळे सुमारे दोन मिनिटांसाठी.

त्या दोन मिनिटांत कमी-जास्त वेळ उघडलेल्या पट्ट्या एकामागून एक घ्याव्या लागतात, कारण करोनाचे, म्हणजे काळ्या चकतीभोवतीच्या त्या पांढऱ्या झळाळीचे, तेज सूर्याच्या कडेपासून बाहेर फार झपाट्याने उतरते. कडेजवळचे नीट यावे तर बाहेरचे उमटत नाही. बाहेरचे यावे तर कडेजवळ नुसता पांढरा लोळ. म्हणून चाळीस फुटी कॅमेऱ्याची चित्रे पाहताना तो कशासाठी केला होता हे लक्षात ठेवावे. त्याला जवळचे, बारीक बघायचे होते. १८९८ साली सूर्यडागांचे सौरचक्र उताराला लागले होते, आणि अशा वर्षांत करोना गोलमटोल नसतो. ध्रुवांकडे विंचरल्यासारखे आखूड तंतू, बाकी अंगाला लांब जाणाऱ्या पताका. तंतूंचे वळण पाहिले की चुंबकसूचीभोवतीचा लोखंडाचा कीस आठवावा, असे ते असते. पण सूर्याला चुंबकक्षेत्र असते हे खगोलशास्त्रज्ञ हेल यांनी दाखवले ते दहा वर्षांनी, १९०८ मध्ये. म्हणजे चित्रात गोष्ट होती, ती वाचणारी विद्या अजून यायची होती.

त्याच दिवशी तळणीला, असोसिएशनच्या मंडळींपैकी ॲनी माँडर यांनी याच्या अगदी उलट हत्यार वापरले. दीड इंची भिंगाचा छोटा कॅमेरा. त्यात सूर्य चिमुकला, पण आभाळाचा मोठा तुकडा मावणारा. त्यांच्या पट्टीवर करोनाचा जो किरण आला तो तोवर छायाचित्रात आलेल्या किरणांत सर्वांत लांब ठरला. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तरच त्या दिवशीचा सूर्य पुरा होतो. मोठ्या यंत्राला छोटे यंत्र झाकून टाकते असे नाही, आणि छोट्याला मोठेही नाही.

माझ्या मते जेऊरचा खरा ठेवा मात्र वेगळा आहे, आणि तो डोळ्याला मुळीच सुंदर दिसत नाही. चंद्र सूर्याची कड झाकतो त्या क्षणी कडेवरचा वायूंचा पातळ थर, वर्णगोल, काही सेकंद उघडा पडतो, आणि एरवी काळ्या दिसणाऱ्या वर्णपटरेषा एकाएकी उजळतात. इतर निरीक्षक त्या झळकेची सुटी छायाचित्रे घेत. कॅम्पबेल यांनी वर्णपटापुढे बारीक फट ठेवली आणि तिच्यामागे पट्टी एकसारखी सरकत ठेवली. चंद्राची कड सेकंदागणिक काही शे किलोमीटर थर झाकत जाते, आणि काचेवर प्रत्येक रेषा जिथे संपते तिथे त्या वायूची उंची नोंदली जाते. कॅल्शियम किती वर, हायड्रोजन किती वर, लोह कुठे सरले, हे रेषांच्या लांबीत. काळालाच मोजपट्टी केले! ही युक्ती सुचणे हीच प्रतिभा.

या पट्ट्यांचा पुरता उलगडा व्हायला तेहेतीस वर्षे गेली. मधल्या काळात, १९२० मध्ये, मेघनाद साहांनी आयनीभवनाचे समीकरण मांडले आणि कोणती रेषा कोणत्या तापमानाला का उजळते याची किल्ली मिळाली. मग डोनाल्ड मेन्झेल यांनी कॅम्पबेल यांच्या १८९८, १९००, १९०५ आणि १९०८ या चार ग्रहणांच्या काचा पुन्हा मोजल्या आणि १९३१ साली वर्णगोलावरचा आपला मोठा ग्रंथ लिहिला. त्यांतली पहिली काच जेऊरची.

करोनाची हिरवी रेषा ही याहून लांबची कथा. ती १८६९च्या अमेरिकेतल्या ग्रहणात दिसली आणि तिची तरंगलांबी ५३१७ अँगस्ट्रॉम धरली गेली. शेजारच्या लोहाच्या एका रेषेशी तिची गल्लत झाली होती. १८९८च्या भारतातल्या वर्णपटांनी ती दुरुस्त केली : रेषा ५३०३ची. चौदा अँगस्ट्रॉमचा फरक, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे सात लाखावा भाग. पण त्यामुळे लोहाशी असलेला तिचा संबंध तुटला आणि ती बेवारस झाली. सूर्याच्या वर्णपटातल्या एका पिवळ्या रेषेवरून तर्क केलेला हेलियम १८९५ मध्ये पृथ्वीवर सापडलेला होता. त्यामुळे ही रेषाही ‘कोरोनियम’ नावाच्या नव्या मूलद्रव्याची, असे मानणे सोपे गेले. १९३९ पासून ग्रोट्रियान आणि एडलेन यांनी कोडे सोडवले. ती लोहाचीच निघाली, पण तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोहाची. त्याला दहा-वीस लाख अंशांचे तापमान लागते. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंशांचा, आणि त्याच्याबाहेरचे विरळ वातावरण त्याच्या शेकडो पट तप्त! ते तसे का, याचा वाद अजून मिटलेला नाही.

नायगमवाला निवृत्त झाल्यावर, १९१२ मध्ये, पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि ती वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. तिथे ती भावनगर दुर्बीण म्हणून ओळखली जाते. कोडाईकनालची वेधशाळा आज बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेची आहे. याच संस्थेने भारताच्या आदित्य-एल१ या सौरयानासाठी व्हीईएलसी हा करोनालेखक, म्हणजे सूर्याची चकती झाकून करोना टिपणारे यंत्र, बांधला. २ सप्टेंबर २०२३ रोजी यान निघाले आणि ६ जानेवारी २०२४ला पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरच्या एल१ बिंदूभोवती फिरू लागले. व्हीईएलसीने निवडलेल्या रेषांत ५३०३ अँगस्ट्रॉमची हिरवी रेषा आहेच. पुण्याच्या आयुकाने बांधलेली सूट ही दुर्बीण त्याच यानातून अतिनील प्रकाशात पृष्ठभाग आणि वर्णगोल बघते. जेऊरला दोन मिनिटे मिळाली, इथे दिवसरात्र करोना समोर आहे. मला यात जुन्याचा पराभव दिसत नाही. प्रश्न तेच आहेत, फक्त बघायला वेळ मिळाला आहे.

करोनालेखकात सूर्य झाकावा लागतो तो थोडा जास्तच. व्हीईएलसीला करोना दिसतो तो सूर्याच्या १.०५ त्रिज्येपासून पुढे. कडेलगतची सुमारे पस्तीस हजार किलोमीटरची पट्टी झाकली जाते. चंद्र मात्र थेट कडेपर्यंत झाकतो आणि तिथेच थांबतो. वर्णगोल या पट्टीत आहे, करोना जिथे तापू लागतो ती जागा याच पट्टीत आहे, आणि कॅम्पबेल यांची सरकती काच नेमकी हीच पट्टी मोजत होती. आदित्य एल१पाशी पोहोचल्यानंतर तीन महिन्यांनी, ८ एप्रिल २०२४ला, मेक्सिको ते कॅनडा अशी चंद्राची सावली फिरली, तेव्हाही शास्त्रज्ञ वर्णपटलेखक घेऊन तिच्या वाटेत उभे होते.