पेला दिसला म्हणजे जाती कळली का?

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसानं बुरशीवर का बोलावं, असं येतानाच एकानं विचारलं. बघू, उत्तर बोलण्यातच येईल.

पावसाळ्यात भीमाशंकरच्या रानात, आहुप्याच्या देवराईत किंवा जुन्नरच्या पश्चिमेकडच्या झाडीत कुजत पडलेल्या फांद्यांवर गुलाबी-नारिंगी रंगाचे इवले इवले पेले दिसतात. कप फंगस. कोणीतरी मोबाइलवर फोटो काढतो आणि संध्याकाळपर्यंत नाव हजर: कुकीना ट्रायकोलोमा. माझा आक्षेप फोटोला नाही, त्या झटपट नावाला आहे.

आधी एक शब्दांचा घोळ. मराठी विश्वकोशात जाती म्हणजे स्पीशीज आणि प्रजाती म्हणजे जीनस. वर्तमानपत्रांत मात्र स्पीशीजलाच प्रजाती म्हणतात. मी विश्वकोशाबरोबर आहे.

आता त्याच रानात शेजारच्या काटकीवर दुसरा एक पेला असतो, सायथस. आत बारीक अंड्यांसारखे दाणे. पावसाचा थेंब पडला की दाणे उडून लांब जातात. दिसायला अगदी पेला, पण नातं छत्रीवाल्या अळंबीशी. उलट ट्रफल पाहा. जमिनीखाली बटाट्यासारखी गाठ, पेल्याचा मागमूस नाही, तरी ती कुकीनाच्याच गणात, पेझिझेलीझमध्ये बसते. हिमालयातली गुच्छीसुद्धा तिथेच. का? कारण या सगळ्यांचे बीजाणू सूक्ष्म थैलीत तयार होतात, बहुधा एका थैलीत आठ.

उदयनाचार्यांनी ‘किरणावली’त सांगितलेला संकर हा दोष इथे आठवतो. दोन धर्म एका ठिकाणी एकत्र सापडतात, पण इतरत्र एकमेकांना सोडूनही राहतात. तेव्हा त्यांना खरी जाती म्हणू नये. सायथसमध्ये पेलेपणा आहे, थैली नाही. ट्रफलमध्ये थैली आहे, पेलेपणा नाही. कुकीनात दोन्ही. झाला संकर! पण नैयायिकाचा नियम इथे अर्धंच काम करतो हं. दोन्हीपैकी कोणाला सोडायचं, ते तो सांगत नाही. ते ठरतं वंशावरून. थैली एका पूर्वजाकडून आली, पेला मात्र वेगवेगळ्या कुळांत वेगवेगळा घडला. एमिल बूदिए नावाच्या फ्रेंच औषधविक्रेत्यानं १८८५ साली पेल्यापेक्षा थैली उघडते कशी याकडे पाहिलं: वर झाकण आहे की नुसतं भोक? डीएनए आल्यावर त्याची ही खूण बरीचशी टिकली. ‘डिस्कोमायसिटीज’ हा पेल्यांचा जुना वर्ग मात्र मोडला.

म्हणजे फोटोवरून नाव देणारा माणूस आकार पाहतो आणि विधान करतो वंशाचं. पेल्यावर लांब केस असले तर ट्रायकोलोमा हे नाव बऱ्याचदा बरोबर येईल, मान्य. केस आखूड असले की मग? बीजाणूंवरच्या रेघा सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. शिवाय जुन्या पुस्तकांतली कुकीना सल्सिपस आज कुकीना स्पेसिओसा झाली आहे. तज्ज्ञ नाव बदलतात, तेव्हा तो त्यांचा लहरीपणा आहे असं आपल्याला वाटतं; पण नाव हा एक दावाच असतो, आणि दावा बदलू शकतो.

यात बिघडतं काय? २००२च्या जैविक विविधता कायद्यानुसार गावोगावच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्या लोक जैवविविधता नोंदवही करतात. तिथे चुकीचं नाव एकदा शिरलं की पुढचा माणूस तेच उतरवून घेतो. नमुना नसेल तर भांडायचं कशाशी? पुण्याच्या आघारकर संस्थेत आजरेकरांच्या नावाचं बुरशींचं संग्रहालय आहे. वाळवलेला नमुना असा कुठे ठेवलेला असेल, तर पन्नास वर्षांनीही कोणी ‘हे नाव चूक’ म्हणू शकतं. फोटोत थैली दिसत नाही.

आणि वारुळाजवळची अळंबी ओळखून आणणारी बाई? ती वंश विचारत नाही. कुठे उगवली, कधी उगवली, ते पाहते. तेही वर्गीकरणच, फक्त प्रयोजन वेगळं. तिला अडाणी म्हणणारे आपण फोटोवरून लॅटिन नावं देतो, हे मला जरा गमतीचं वाटतं.

(श्रोत्यांतून: मग फोटो काढायचाच नाही का?)

काढा की! पण वरून एक, खालून एक, देठ आणि केस दिसतील असा. लाकूड कोणत्या झाडाचं, तारीख, जागा लिहा. अभयारण्यात परवानगीशिवाय काही उचलू नका. आणि नावाच्या जागी लिहा: ‘कुकीना, जाती अनिश्चित’.