शुक्रताऱ्याचें टिकणें

गेल्या कोजागिरीस आमच्या बिलोलींत एका स्नेह्याच्या गच्चीवर दुधाचे प्याले फिरत असतां एका मुलीनें 'शुक्रतारा' म्हटलें. मुलगी आमच्याच महाविद्यालयांतली. घरीं तेलुगु बोलणारी. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे तिच्याबरोबर गुणगुणूं लागले. ह्याच मुलीस मीं भर वर्गांत मराठी उच्चारांवरून टोकलें होतें. आणि भावगीतावर निबंध लिहूं का, असें तिनें विचारलें तेव्हां 'तो वाङ्मयाचा विषय नव्हे' असेंहि बजावलें होतें. त्या रात्रीं ह्या दोन्ही उद्गारांची मला लाज वाटली. म्हणून हा लेख.

मंगेश पाडगांवकरांचें हें गीत १९६२ सालीं मुंबई आकाशवाणीसाठीं श्रीनिवास खळे यांनीं स्वरबद्ध केलें. तें टिकलें तें केवळ जुन्या आठवणींमुळें, असें कोणी म्हणतील. परंतु त्या वेळचीं कितीतरी गाणीं त्याच आठवणींसह विस्मृतींत गेलीं, त्याचें काय? कवितेकडे पाहावें तर तारा, वारा, चांदणें, पाणी ही सामग्री शेंकडों वर्षांची. 'सलाम'ला १९८० चें साहित्य अकादमी पारितोषिक मिळालें, तेव्हां टीकाकारांनीं त्या कवीचा गौरव केला. त्याच कवीचें हें गीत मात्र आम्ही विद्वानांनीं दिवाणखान्यांतच ठेविलें.

वस्तुतः गीताचें बळ त्याच्या संयमांत आहे. येथें आणाभाका नाहींत, विरहाचा आक्रोश नाहीं. मागणें एवढेंच, कीं तूं जवळ राहावेंस. आणि साक्षीस तारा कोणता? शुक्र! तो सूर्यापासून सुमारें ४७ अंशांपलीकडे कधींच जात नाहीं. म्हणून रात्रभर आकाशांत राहणें त्याच्या नशिबीं नाहीं. सायंकाळीं दिसला तर तीनचार तासांच्या आंत मावळावयाचा. वेळ थोडा आहे, हें कवीला निराळें सांगावें लागत नाहीं. प्रतीकच तें सांगतें. खळ्यांची चालहि तशीच. ऐकतांना ती सोपी वाटते. म्हणावयास बसलें म्हणजे श्वास कोठें घ्यावा हेंच उमजत नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. हें गीत गाणारे अरुण दाते मूळचे इंदूरचे, उर्दू गझलेंत रमलेले, व्यवसायानें वस्त्रोद्योगांतले अभियंते. आपल्या मराठी उच्चारांविषयीं त्यांनाच शंका वाटत होती. सहगायिका सुधा मल्होत्रा हिंदी चित्रपटसृष्टींतल्या. मराठी त्यांची मातृभाषा नव्हे. खुद्द खळे बडोद्यास वाढलेले. ज्या गीतास महाराष्ट्र आपल्या हृदयाचा शब्द मानतो, तें असें सीमेपलीकडच्या कंठांतून आलें. मला वाटतें, हा त्याचा उणेपणा नसून त्याचें रहस्यच आहे. भाषा आपलीच, असें ज्यास वाटतें तो शब्द फेकतो. ती मिळविण्याची ज्यास आंच आहे तो शब्द जपून ठेवतो. ह्या द्वंद्वगीतांत प्रत्येक अक्षर असें हळुवार ठेविलेलें आहे.

दाते यांनीं 'शुक्रतारा' ह्याच नांवानें अडीच हजारांहून अधिक कार्यक्रम केले; २०१८ सालीं ते निवर्तले. परंतु गीताचा वारसा सर्वस्वीं शुभ आहे, असें म्हणवत नाहीं. मागून आलेल्या अनेकांनीं त्यांतलें चांदणें उचललें, संयम मात्र तेथेंच राहिला. म्हणून त्यांचीं गाणीं गोड असूनहि लौकर शिळीं झालीं.

तेलंगणाच्या वेशीवरच्या आम्हां लोकांस 'तुमचें मराठी अशुद्ध' हें ऐकण्याची संवय आहे. आणि मीं तेंच हत्यार माझ्या विद्यार्थिनीवर चालविलें. त्या रात्रीं तिनें एकहि शब्द फेकला नाहीं. दुसऱ्याच दिवशीं मीं तिला बोलावून निबंधाचा विषय मान्य असल्याचें सांगितलें. तिचा निबंध माझ्या ह्या टिपणाहून सरस उतरेल, अशी माझी खात्री आहे.