भावनानिष्ठ समतानता आणि वाचकाचे चित्त

भावनेमुळे बुद्धी झाकोळते हे गृहीत मराठी समीक्षेत इतके मुरले आहे, की ‘भावकविता’ आणि ‘बौद्धिक कविता’ ही दोन स्वतंत्र दालने आपण विनातक्रार मान्य करतो. बा. सी. मर्ढेकरांच्या कवितेवर दुर्बोधतेचा आणि अतिबौद्धिकतेचा आरोप झाला, तोही याच गृहीताच्या आधारे. वास्तविक मर्ढेकरांचीच ‘भावनानिष्ठ समतानता’ ही संकल्पना या विभागणीला छेद देते. दोन वस्तूंत रंग, आकार, गंध यांचे साम्य नसले तरी त्यांच्याशी निगडित भावना समतुल्य असल्यास त्या एकमेकींच्या जागी येऊ शकतात, असे ती सांगते. म्हणजे दूरच्या गोष्टी जोडण्याचे जे काम आपण बुद्धीच्या खाती जमा करतो, त्याचा दुवाच येथे भावना पुरवते. समतानतेची चर्चा आपल्याकडे बव्हंशी प्रतिमेच्या घडणीपुरती राहिली. ती चित्ताच्या व्यापाराविषयीचेही विधान आहे, हे मात्र दुर्लक्षित राहिले.

मानसशास्त्राने हा व्यापार प्रयोगशाळेत तपासला आहे. कार्ल डुंकर यांचे मेणबत्तीचे कोडे प्रसिद्ध आहे : मेणबत्ती, आगकाड्या आणि टाचण्यांनी भरलेली खोकी एवढ्या साहित्यानिशी पेटती मेणबत्ती भिंतीवर अशी बसवायची, की मेण खाली गळू नये. खोकी रिकामी करून भिंतीला टाचली की तीच बैठक होते. पण ‘टाचण्यांची खोकी’ ही ओळख मनातून सुटत नाही. अॅलिस आयसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, आधी विनोदी चित्रफीत पाहिलेल्यांना हे कोडे इतरांपेक्षा अधिक प्रमाणात सुटले. प्रसन्न चित्तात विविध प्रकारची स्मृतिसामग्री जागी होते आणि दूरच्या गोष्टी जवळ येतात, असा त्याचा उलगडा. खोकीत बैठक दिसणे ही एका अर्थी प्रतिमाच होय.

परंतु प्रसन्नता चित्त मोकळे करते आणि क्लेश ते आखडवतो, एवढ्यावर थांबल्यास साहित्याच्या अभ्यासकाची पंचाईत होते. ‘काही कविता’ (१९४७) मधील पिपात मेलेल्या उंदरांची कविता घ्यावी. तीत प्रसन्नतेचा लवलेश नाही. तरीही उंदरांच्या कलेवरांवरून माणसाच्या यांत्रिक जगण्याकडे, तेथून वासनाहीन झालेल्या शृंगाराकडे आणि परत उंदरांकडे असा जो प्रवास ती घडवते, तो खोकीची बैठक करण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. आणि तो घडतो किळसेच्या आधारेच. किळस वजा केली तर उंदीर आणि माणूस यांना जोडणारे काहीच उरत नाही.

मग एकाच किळसेने एक वाचक उंदरांपाशीच का अडतो आणि दुसरा पुढे कसा जातो? येथे अभिनवगुप्तांची रसविघ्नांची मीमांसा उपयोगी पडते. त्यांनी सांगितलेल्या सात विघ्नांपैकी एक ‘निजसुखादिविवशीभाव’ : स्वतःच्या सुखादी भावांनी विवश झालेले चित्त अन्य विषयावर स्थिरावू शकत नाही. त्यांनी येथे दुःखाचे नव्हे, सुखाचे नाव घेतले आहे, हे महत्त्वाचे. भाव सुखद की दुःखद हा भेद त्यांच्या दृष्टीने निर्णायक नाही. चित्त भावाच्या ताब्यात आहे की भाव चित्ताचा विषय झाला आहे, हा भेद निर्णायक आहे. या विघ्नावर त्यांनी सांगितलेले उपाय गीत, वाद्य, सुशोभित मंडप असे आहेत. आयसेन यांच्या चित्रफितीशी त्यांचे नाते ध्यानात यावे. पण तेथे रंजन ही केवळ पूर्वतयारी आहे. तयार झालेल्या चित्ताने पुढे करुण आणि बीभत्सही आस्वादायचे आहेत.

या दृष्टीने दुर्बोधतेचा आरोप हा पुष्कळदा कवितेविषयीचा नसून आरोपकर्त्याच्या विवशतेचा अहवाल असतो. पुष्कळदा, सर्वदा नव्हे. अभिनवगुप्तांनीच प्रतीतीच्या उपायांची विकलता आणि स्फुटतेचा अभाव ही विघ्नेही मोजली आहेत, आणि त्यांचा भार रचनेवर पडतो. नवकवितेच्या नावाखाली जे प्रतिमांचे ढिगारे आले, त्यांना सहृदयतेच्या अभावाची सबब पुढे करून वाचवता येणार नाही.

मर्ढेकरांच्या मांडणीतली उणीवही येथेच आहे. भावनांची समतुल्यता त्यांनी वस्तूंच्या बाजूने पाहिली. ती कोणत्या अवस्थेतल्या चित्ताला जाणवते, हा प्रश्न त्यांनी जवळजवळ वाचकावर सोडला. अभिनवगुप्तांकडून त्याचे उत्तर मिळते, पण ते जसेच्या तसे उचलता येत नाही. त्यांच्या रसास्वादाची परिणती चित्ताच्या विश्रांतीत आहे. मर्ढेकरांची कविता वाचकाला विश्रांती देत नाही. एका भावावर स्थिरावू लागताच ती उपहासाचा धक्का देऊन त्याला दुसरीकडे ढकलते. किळस, करुणा आणि हसू यांच्यातली ही ये-जा रसव्यवस्थेत संचारी भावांच्या खाती घालून भागत नाही. कारण येथे ज्याच्या आश्रयाने संचार व्हावा असा स्थायी भाव कोणता, हेच वाचकाला शेवटपर्यंत ठरवता येत नाही.