कुठून मोजू ते आधी सांगा

मागच्या व्याख्यानात आपण लाइबनिझ आणि क्लार्क यांच्या १७१५-१६च्या पत्रव्यवहारापाशी थांबलो होतो. अवकाश ही वस्तूंच्या आधीपासून असलेली एक रिकामी पेटी आहे, की वस्तूंमधल्या संबंधांच्या व्यवस्थेलाच आपण अवकाश म्हणतो? न्यूटनच्या बाजूने क्लार्क पहिलं म्हणत होता, लाइबनिझ दुसरं. आज हा वाद आम्ही जरा विचित्र ठिकाणी नेणार आहोत, वास्तुविशारदांच्या संगणकात. आमची नात वास्तुकला शिकते. तिच्या शेजारी बसून आम्ही महिनाभर रेव्हिट नावाचं सॉफ्टवेअर पाहिलं. ती पहिल्या रांगेत बसली आहे, चुकलो तर टोकेलच.

रेव्हिटमध्ये खिडकी म्हणजे चार रेघा नव्हेत. तिला रुंदी, उंची, चौकट असते. ती भिंतीत बसवली की भिंत आपोआप फुटून जागा देते. अशी खिडकी मुळात तयार होते तिला 'फॅमिली' म्हणतात. नवी फॅमिली उघडली की कागद कोरा असेल असं आम्हाला वाटलं होतं. तो कोरा नसतो, बरं का. एकमेकींना छेदणाऱ्या दोन हिरव्या तुटक रेघा आधीच तिथे असतात. त्या रेघा दिसतात, पण आहेत प्रतलं, काठावरून पाहिलेली. त्यांना 'रेफरन्स प्लेन' म्हणतात. आपण संदर्भ-प्रतल म्हणू. ती जिथे छेदतात तो वस्तूचा आरंभबिंदू. म्हणजे वस्तू अजून जन्मलीही नाही, आणि ती कुठून मोजली जाणार हे ठरलेलं आहे. क्लार्कला आनंद झाला असता.

आता रीत अशी की आधी आणखी प्रतलं काढायची, त्यांच्यात मापं टाकायची, मापांना 'रुंदी', 'उंची' अशी नावं द्यायची, आकडे बदलून तो रिकामा सांगाडा ताणून-आखडून बघायचा, आणि मग लाकूड-काच त्या प्रतलांना कुलूप लावून बांधायची. प्रत्यक्षात घाईतली मंडळी काय करतात? आधी लाकूड, मग त्या लाकडाच्याच कडांवर मापं. वस्तू वस्तूवर टेकलेली, ती तिसरीवर. हा लाइबनिझचा मार्ग, आणि तो थोडा वेळ चालतोही. मग रुंदी ९०० मिलिमीटरवरून १२०० केली की खिडकी एकाच बाजूला वाढते, कारण मध्य कुठे आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं. उलट बंधनं जास्त झाली की पडद्यावर येतं, 'कन्स्ट्रेंट्स आर नॉट सॅटिस्फाइड'. मधल्या प्रतलापासून दोन्ही बाजूंना समान अंतराचं बंधन घातलं असतं, तर दोन्हीकडे दीडशे-दीडशे वाढलं असतं.

इथवर आम्ही या सॉफ्टवेअरचे चाहते आहोत. तक्रार पुढे आहे. प्रत्येक प्रतलाला एक गुणधर्म असतो: ते इतरांसाठी संदर्भ आहे का? उत्तरं ठरलेली. 'स्ट्राँग', 'वीक', 'नॉट अ रेफरन्स', नाहीतर डावं, उजवं, पुढचं, मागचं, वरचं, खालचं, मधलं. या दुसऱ्या गटाचं मोल मोठं आहे. दोन वेगळ्या खिडक्यांत 'डावं' एकाच अर्थाने लावलेलं असेल, तर एक काढून दुसरी बसवली तरी नकाशावरची मापं टिकतात. पण डावं कुणाच्या दृष्टीने? वैशेषिकांनी दिक् हे एकच द्रव्य मानलं. पूर्व-पश्चिम हे भेद उपाधीमुळे, सूर्याच्या संबंधाने येतात असं ते म्हणतात. इथेही 'पुढचं' कुठलं हे आधी ठरल्याशिवाय 'डावं' पोकळ आहे. आणि 'स्ट्राँग', 'वीक' हे तर माप घेताना कर्सर आधी कुठे चिकटेल याचे शब्द झाले. हे प्रतल *कशाचं* आहे, विटेचं की गिलाव्याचं, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी नावाची जागा आहे, पण नाव ऐच्छिक. रिकामं ठेवलं तरी सॉफ्टवेअर कुरकुरत नाही.

त्याचा हिशेब आमच्या स्वयंपाकघरात चुकता झाला. आमची इमारत पुनर्विकासात गेली. नकाशे याच पद्धतीने केलेले. खिडकीची खालची कड मजल्याच्या लेव्हलपासून मोजलेली, आणि ती लेव्हल होती स्लॅबची. ओटा मात्र कुणीतरी स्लॅबच्या तीन इंच वर काढलेल्या एका निनावी प्रतलावर टेकवलेला. ते प्रतल तयार फरशीचं होतं, असं नंतर कळलं. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर. खिडकी ओट्याच्या ग्रॅनाइटखाली तीन इंच गेली, खाचेत पाणी साचू लागलं, आणि सगळ्यांनी मिळून गवंड्याला धारेवर धरलं. तो शांतपणे म्हणाला, "काका, कुठून मोजू ते आधी सांगा, मग किती ते सांगा." त्याने पाण्याच्या नळीने लेव्हल काढून चारही भिंतींवर दोरीने निळी रेघ मारली होती, तयार फरशीपासून एक मीटरवर, आणि शेजारी कोळशाने तसं लिहिलंही होतं. कार्यालयातल्या प्रतलाला नाव नव्हतं. त्याच्या रेघेला होतं.

रेव्हिटमध्ये नाव दिलेलं प्रतल काम करण्याच्या प्रतलांच्या यादीत दिसतं. निनावी असेल तर ते पडद्यावर शोधून बोट ठेवूनच निवडावं लागतं. छापताना ही प्रतलं लपवायचीही सोय आहे, आणि ती योग्यच. घरमालकाला हिरव्या रेघा कशाला? पण मग ती कशाची होती हे जाणणारा एकटा काढणाराच उरतो. तो नोकरी बदलतो.

नातीचा आक्षेप असा, की एका दरवाजात वीस-पंचवीस प्रतलं होतात, प्रत्येकाला नाव दिलं तर यादीच वाचता येणार नाही. हे आम्हाला पटतं. बिजागरीची जाडी सांभाळणाऱ्या प्रतलाला बारसं नको, त्याला 'नॉट अ रेफरन्स' करून सोडून द्यावं. पण ज्यावर दुसरा माणूस काही टेकवणार आहे, त्यावर 'तयार फरशी' एवढे दोन शब्द लिहायला किती वेळ लागतो? ती म्हणते, डेडलाइन असते तेव्हा तेवढाही नसतो. तिला माइक द्या, पुढचं तीच बोलेल.