शिवेवरचा उजेड

‘अप्लाइड फिजिक्स लेटर्स’ या नियतकालिकाच्या २१ सप्टेंबर १९८७ च्या अंकात, पान ९१३ ते ९१५ वर, एक शोधनिबंध आहे. लेखक चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक, दोघेही अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या ईस्टमन कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेतले. आपल्या मोबाइलच्या ओएलईडी पडद्याचं कूळ शोधत मागे गेलं, की या तीन पानांपाशी येऊन थांबावं लागतं. मला मात्र हा निबंध त्याच्या वंशविस्तारापेक्षा त्याच्या रचनेसाठी आवडतो. त्यात एकही थर जास्तीचा नाही. ज्या कल्पनेवर सगळं उभं आहे ती कळली, की हे आधी कुणाला कसं सुचलं नाही, याचंच नवल वाटतं.

आधी काय होतं ते ठाऊक असल्याशिवाय हे नवल पुरतं कळत नाही. सेंद्रिय पदार्थातून विजेने उजेड काढण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९६३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात मार्टिन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँथ्रासीनच्या स्फटिकातून निळसर प्रकाश काढला होता. अँथ्रासीन म्हणजे डांबरातून मिळणारं एक संयुग. त्यासाठी शेकडो व्होल्ट लावावे लागले. विज्ञान म्हणून ते मोलाचं होतं, पण त्यातून वापरायचा दिवा होण्यासारखा नव्हता. कारण उघड आहे. एका बाजूने इलेक्ट्रॉन आत घ्यायचे, दुसऱ्या बाजूने ‘होल’, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, आत घ्यायच्या, दोघांना वाहून न्यायचं, त्यांची गाठ घालून द्यायची आणि वर स्वतः चमकायचं, ही सगळी कामं एकाच पदार्थाच्या गळ्यात पडली होती. असे पदार्थ मुळात विजेला फारशी वाट देत नाहीत. जो काही इलेक्ट्रॉन आत शिरे, तो बहुतेक वेळा कुणाला न भेटताच पलीकडच्या टोकाने निघून जाई.

टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी काम वाटून दिलं. काचेवर इंडियम-टिन ऑक्साइडचा पारदर्शक लेप. त्यावर ७५ नॅनोमीटरचा अरोमॅटिक डायअमाइनचा थर, तो होल वाहून नेतो. त्यावर ६० नॅनोमीटरचा अॅल्युमिनियमच्या एका संयुगाचा थर, तो इलेक्ट्रॉन वाहतो आणि चमकतो. सर्वांत वर मॅग्नेशियम आणि चांदीच्या मिश्रधातूचं टोक. दोन्ही सेंद्रिय थर मिळून १३५ नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडी याच्या पाचशे-सहाशे पट भरेल.

या रचनेचं मर्म दोन थरांच्या मधल्या रेषेत आहे. डायअमाइनचा थर होलना सहज पुढे नेतो, पण इलेक्ट्रॉनना थारा देत नाही. त्यांना तिथे शिरायला ऊर्जेची मोठी पायरी चढावी लागते. त्यामुळे वरून आलेले इलेक्ट्रॉन शिवेवर अडतात, आणि खालून आलेले होल तिथेच येऊन पोचतात. दोन गावांची माणसं शिवेवर भेटावीत तशी त्यांची गाठ पडते. ती पडते ती शिवेच्या अॅल्युमिनियमवाल्या अंगाला, म्हणून उजेडही त्या संयुगाच्या रंगाचाच, ५५० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा. धातूच्या टोकाजवळ ही भेट झाली असती तर बरीच ऊर्जा धातूने गिळली असती. इथे ती टोकापासून लांब, मधोमध होते. पूर्वी इलेक्ट्रॉनला पळून जायला जी मोकळी वाट होती ती एका थराच्या नकाराने बंद झाली, आणि त्या नकारातून उजेड आला. हे वाचताना मला प्रत्येक वेळी तोच आनंद होतो.

याचा पडताळा त्यांनी १९८९ मध्ये, चिन चेन या सहकाऱ्यासह लिहिलेल्या दुसऱ्या निबंधात दिला. तो या निबंधासोबतच वाचावा. अॅल्युमिनियम संयुगाच्या थरातच एका पातळ पट्टीत त्यांनी वेगळ्या रंगाने चमकणारं द्रव्य किंचित मिसळलं, आणि ती पट्टी शिवेपासून कमीजास्त अंतरावर ठेवून पाहिली. पट्टी शिवेला खेटून असली की उजेडाचा रंग बदलतो. ती दूर नेली की मूळचा हिरवा परत येतो. उजेड नेमका कुठे जन्मतो हे रंगालाच विचारून घ्यायचं, यापेक्षा सुंदर प्रयोग मला या क्षेत्रात दुसरा माहीत नाही.

द्रव्यांच्या निवडीतही जाणकारी आहे. दोन्ही मुख्य द्रव्यं दुसऱ्या कामासाठी आधीच ओळखीची होती. डायअमाइनच्या जातीची संयुगं झेरॉक्स मशीनच्या ड्रमवरच्या लेपात विद्युतभार वाहण्याचं काम करत असत, आणि कोडॅकला त्या धंद्याची चांगली जाण होती. दुसऱ्या द्रव्याची ओळख तर आपल्याकडे रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या अनेकांना असेल. ८-हायड्रॉक्सिक्विनोलिन, म्हणजेच प्रयोगशाळेतलं ऑक्झिन. द्रावणातलं अॅल्युमिनियम किती आहे हे वजन करून काढताना ऑक्झिन घातलं की पिवळा साका खाली बसतो. तो गाळायचा, धुवायचा, वाळवायचा, तोलायचा. तोच हा चमकणारा थर. त्याचे रेणू निर्वातात बाष्प होऊन काचेवर बसले की स्फटिक न बनता गुळगुळीत, एकसंध पापुद्रा तयार होतो, आणि हा गुण इथे फार महत्त्वाचा आहे. १३५ नॅनोमीटरवर १० व्होल्ट लावले तर दर सेंटिमीटरला सात लाख व्होल्टहून जास्त ताण पडतो. सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी दोन्ही टोकं एकमेकांना भिडून दिवा जळून जाईल.

मॅग्नेशियमची गोष्टही अशीच बारकाईने वाचण्याजोगी. हा धातू इलेक्ट्रॉन सहज सोडतो, म्हणून तो हवाच होता. पण सेंद्रिय पृष्ठभागावर त्याचे अणू नीट चिकटत नाहीत, आणि हवेत तो लवकर खराब होतो. दहा भाग मॅग्नेशियमला एक भाग चांदी घातली, की त्या थोड्याशा चांदीवर मॅग्नेशियमच्या अणूंना बसायला जागा मिळते आणि थर जमतो. एवढ्याशा गोष्टीवर सगळी मेहनत वाया गेली असती. ती त्यांनी ओळखली, सोडवली आणि निबंधात मोजक्या शब्दांत सांगून ते पुढे गेले.

निष्कर्षाचे आकडे आज लहान दिसतात. शंभर इलेक्ट्रॉनमागे बाहेर येणारा एक प्रकाशकण, एका वॅटमागे १.५ ल्युमेन; साधा पिवळा बल्बही वॅटमागे याहून कितीतरी जास्त उजेड देतो. पण चौरस मीटरला १००० कँडेलांहून अधिक तेज, आणि तेही १० व्होल्टच्या आत! शेकडो व्होल्टवरून विषय साध्या सेलच्या आवाक्यात आला होता. शिवाय दिवा चालू ठेवला की प्रकाश मंदावत जातो आणि तोच प्रवाह राखायला व्होल्टेज वाढवावं लागतं, हेही त्यांनी तिथेच नोंदवलंय. उणीव अशी उघड मांडल्यामुळे पुढच्यांना कुठून सुरुवात करायची ते कळलं.

पुढचा इतिहास मोठा आहे, इथे त्याची दोनच वळणं सांगतो. १९९० मध्ये केंब्रिजला जेरेमी बरोज, डोनल ब्रॅडली, रिचर्ड फ्रेंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिमरचा थर उजळवून दाखवला. पॉलिमरचा थर द्रावणातून पसरता येतो. म्हणजे निर्वाताची महागडी यंत्रं टाळून दिवा शाईसारखा छापता येईल, ही आशा तिथून जोर धरू लागली. छापील इलेक्ट्रॉनिक्सचा सगळा ध्यास या आशेभोवती फिरतो. पण छापताना नेमकी १९८७ ची ती शीवच आड येते. पहिल्या थरावर दुसरा थर ओला टाकला, की त्यातला द्रावक खालचा थर विरघळवू लागतो आणि शीव पुसली जाते. म्हणून खालच्या थराला धक्का न लावणारे द्रावक शोधावे लागतात, किंवा खालच्या थराचे रेणू तापवून एकमेकांत गुंतवून पक्के करावे लागतात. त्यात थेंबाची खोड वेगळीच. वाळताना द्रव कडेकडे वाहतो आणि द्रव्य कडेला साचतं. शिकागो विद्यापीठाच्या रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये त्याचं कारण उलगडलं. पडद्याच्या एका ठिपक्यात असं झालं तर कड आणि मध्य सारखे उजळत नाहीत. लवकर उडणारा आणि उशिरा उडणारा असे दोन द्रावक मिसळून ही खोड बरीच आवरता येते. निर्वातात बाष्पाने थर बसवताना यातलं काहीच आड येत नव्हतं, म्हणून मोबाइलच्या पडद्यांत उजेड देणारे थर आजही बहुतांशी तसेच बसवले जातात. माझ्या मते छपाईची खरी कसोटी वेगात किंवा स्वस्ताईत नाही, ती एक स्वच्छ शीव राखण्यात आहे.

कोडॅकने २००९ मध्ये आपला ओएलईडीचा व्यवसाय एलजीला विकला आणि जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्या घरात हे घडलं त्या घराला त्याचं फळ पुरतं मिळालं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. टँग यांना २०११ मध्ये रसायनशास्त्राचं वुल्फ पारितोषिक आणि २०१९ मध्ये क्योटो पारितोषिक मिळालं.

आपल्या महाविद्यालयांत पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांकडून ही तीन पानं एकदा ओळीओळीने वाचून घ्या. आणि ज्या प्रयोगशाळेत ऑक्झिनचा प्रयोग अजून होतो, तिथे वजन करून झालेला तो पिवळा साका फेकून देण्याआधी अंधारात अतिनील दिव्याखाली धरून विद्यार्थ्यांना दाखवा.