हळू संगणकाचा पहारेकरी

दिवाळीच्या सुट्टीत देऊळगाव राजाला बहिणीकडे गेलो होतो. भाऊजी हायस्कुलात गणित-विज्ञान शिकवतात. दहाएक वर्षांपूर्वी मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून घेतलेला संगणक आजही त्यांच्या घरी आहे. सकाळी त्याचे बटण दाबायचे आणि आंघोळीला जायचे, असा भाऊजींचा क्रम. परत येईपर्यंत तो कामाला लागतो. मी गेल्या गेल्या त्यांनी विचारले, "तुम्ही संशोधक माणसं. कोणता अँटिव्हायरस टाकू, म्हणजे हा पळायला लागेल?"

शिक्षक मित्रांनो, हा प्रश्न तुमच्यापैकीही अनेकांनी कुणाला तरी विचारला असेल. जाहिराती, दुकानदार आणि तुलनेचे तक्ते या प्रश्नाला झटपट उत्तर देतात. माझी तक्रार त्या उत्तरांबद्दल तर आहेच, पण त्याआधी प्रश्नाबद्दल आहे. संगणक हळू आहे, म्हणजे त्यात विषाणू आहे, म्हणजे अँटिव्हायरस बदलला की तो वेगवान होईल, अशी तीन पायऱ्यांची उडी त्यात दडलेली आहे. यांतली एकही पायरी आपण तपासलेली नसते.

भाऊजींच्या संगणकावर पाहिले तर दोन अँटिव्हायरस नांदत होते. एक दुरुस्तीच्या वेळी दुकानदाराने घातलेला, दुसरा 'फुकट आहे' म्हणून भाच्याने उतरवून घेतलेला. आणि गंमत अशी की, गुणपत्रके करायला बसले की भाऊजी दोन्ही बंद करून टाकत. "नाहीतर कामच होत नाही," असे त्यांचे म्हणणे. शाळेतला पेनड्राइव्ह ते नेमका याच वेळी लावत. मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक, गुण असे सगळे त्यात. घराला दोन पहारेकरी ठेवायचे आणि चोराच्या येण्याच्या वेळी दोघांनाही रजा द्यायची, असा हा प्रकार झाला.

पहारेकरी मुळात काय करतो ते पाहू. भारतात 1990 साली 'जोशी' नावाचा विषाणू सापडला. तो फ्लॉपीच्या सुरुवातीच्या भागात लपून बसे आणि 5 जानेवारीला संगणक सुरू केला की 'हॅपी बर्थडे जोशी' असे टंकायला सांगून अडून बसे. अशा विषाणूंच्या संकेतांचे तुकडे, म्हणजे त्यांच्या खुणा, जवळ बाळगायच्या आणि प्रत्येक फाइल त्यांच्याशी ताडून पाहायची, हे अँटिव्हायरसचे मूळ काम. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर यांनी याच दशकात 'क्विक हील' उभे केले. 2016 साली ती कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली. त्या काळी खुणा थोड्या होत्या आणि तपासणी आपण सांगू तेव्हाच होई. आता पहारेकरी सतत जागा असतो. तुम्ही कोणतीही फाइल उघडलीत की तो ती क्षणभर अडवतो, तपासतो, वागणूक संशयास्पद वाटते का ते पाहतो आणि मगच सोडतो.

या 'क्षणभर'चा हिशेब करण्यासारखा आहे. जुन्या संगणकातली फिरणारी हार्ड डिस्क साधारणतः मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 120. एका फेऱ्याला सुमारे 8.3 मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचणाऱ्या शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे 4 मिलिसेकंदांहून थोडे अधिक लागतात. शीर्ष योग्य वर्तुळावर सरकायला आणखी 8 ते 10 मिलिसेकंद. एकूण 13 धरू. म्हणजे विखुरलेल्या जागांवरून ही डिस्क सेकंदाला जेमतेम 75-80 वेळाच वाचू शकते. समजा, संगणक सुरू होताना अशी 4000 वाचने लागतात. झाली 52 सेकंदे. पहारेकऱ्याने स्वतःच्या कामासाठी तेवढीच वाचने वाढवली तर वेळ दुप्पट होईल आणि दोन पहारेकरी असतील तर तिप्पट. चिपांवर माहिती साठवणाऱ्या एसएसडीत फिरणारे काहीच नसते. तीच वाचने ती सेकंदाला हजारोंनी करते.

आता तुलनेच्या तक्त्यांकडे वळू. ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज आणि जर्मनीतील एव्ही-टेस्ट या संस्था नियमितपणे अशा चाचण्या घेतात. त्यांचे काम काळजीपूर्वक असते आणि पद्धत त्या उघड सांगतात. दोष आपल्या वाचण्यात आहे. समजा, 1000 नमुन्यांपैकी एका अँटिव्हायरसने 995 ओळखले आणि दुसऱ्याने 998. जाहिरातीत दुसरा 'अव्वल' ठरतो. पण एकाचे 5 चुकले, दुसऱ्याचे 2. एवढ्या लहान संख्यांतला 3 चा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. पुढच्या हजार नमुन्यांवर हा क्रम सहज उलटू शकतो. वर्गात एका मुलाला 99.5 आणि दुसऱ्याला 99.8 टक्के मिळाले म्हणून दुसऱ्याला गणित अधिक येते, असे आपण म्हणत नाही. मग इथे का म्हणावे?

वेगाच्या चाचणीचेही तसेच. एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज ज्याला कमी ताकदीचा संगणक मानते, त्यातही एसएसडी असते. भाऊजींच्या फिरत्या डिस्कवर तोच अँटिव्हायरस कसा चालेल, हे त्या तक्त्यावरून कळत नाही.

तक्त्यात आणखी एक रकाना कधीच नसतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा: हा पहारेकरी घरातली माणसे चालू ठेवतील का? 99.8 टक्के विषाणू ओळखणारा, पण निम्मा वेळ बंद असलेला पहारेकरी सुमारे निम्मेच विषाणू अडवील. 99.5 टक्केवाला, पण कधीही बंद न करावा लागणारा, त्याहून कितीतरी चांगला. हळू संगणकासाठी अँटिव्हायरसचा हलकेपणा ही चैन नाही. तो संरक्षणाचाच भाग आहे.

'फुकट' या शब्दाकडेही चिकित्सक नजरेने पाहावे. अव्हास्ट या कंपनीने वापरणाऱ्यांची इंटरनेटवरची भ्रमंती नोंदवून ती आपल्या जम्पशॉट या उपकंपनीमार्फत विकली, असा ठपका अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला आणि 2024 साली 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले. पैसे मोजले म्हणजे चूक होत नाही असेही नाही. एप्रिल 2010 मध्ये मॅकॅफीच्या एका अद्ययावत खुणेने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक आवश्यक फाइल विषाणू ठरवली आणि संगणक बंद पडले. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइकच्या सदोष अद्ययावतीकरणाने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे 85 लाख संगणक ठप्प झाले. पहारेकऱ्याला घराच्या सर्व किल्ल्या द्याव्या लागतात. म्हणून त्याची निवड जपून करायची आणि संख्या एकच ठेवायची.

आम्ही काय केले ते सांगतो. आधी मोजले. बटण दाबल्यापासून गुणपत्रकाची फाइल उघडेपर्यंतचा वेळ तीनदा घेतला. सरासरी सहा मिनिटांच्या वर गेली. मग दोन्ही अँटिव्हायरस पूर्णपणे काढून टाकले. ते निघताच विंडोजमध्ये अंगचाच असलेला डिफेंडर आपोआप जागा झाला. वेळ चार मिनिटांच्या आसपास आला. सुधारणा झाली, पण संगणक 'पळू' काही लागला नाही. टास्क मॅनेजर उघडला तर डिस्कचा वापर शंभर टक्क्यांना टेकलेला. जालन्याहून एसएसडी आणून बसवली आणि वेळ एका मिनिटाच्या आत आला. पूर्ण तपासणीत विषाणू एकही सापडला नाही. एका संगणकावरची ही मोजणी म्हणजे सिद्धांत नव्हे. पण ज्या 'विषाणू'मुळे भाऊजींनी वर्षानुवर्षे वर्गणी भरली, तो निदान या घरी तरी जुन्या डिस्कचा थकवा होता.

म्हणून डिफेंडरच सर्वांना पुरेल, असा फतवा मी काढणार नाही. तोही भार टाकतोच. अडचणीला मराठीत बोलून मदत करणारे कुणी हवे असेल तर पैसे देऊन घेतलेला अँटिव्हायरसही योग्य ठरेल. मात्र तो आधी ठरावीक दिवस वापरून, घड्याळ लावून तपासावा. 'आपल्या पुण्याचा' किंवा 'परदेशी' ही कसोटी नव्हे.

आणखी एक गोष्ट. भाऊजींचा संगणक विंडोज 10 वर चालतो. त्याचा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. डिफेंडरला नव्या खुणा ऑक्टोबर 2028 पर्यंत मिळतील, असे मायक्रोसॉफ्टने जाहीर केले आहे. पण पहारेकऱ्याला चोरांची नवी छायाचित्रे देणे वेगळे आणि मोडकी कडी दुरुस्त करणे वेगळे. कडीच्या दुरुस्तीसाठी वाढीव सुरक्षा योजनेत वेगळी नोंदणी करावी लागते आणि घरगुती संगणकांसाठी तिची मुदत ऑक्टोबर 2026 पर्यंतच ठरवलेली आहे. ती आम्ही करून घेतली. पुढे नवी प्रणाली झेपली नाही तर लिनक्सकडे वळायचे ठरले. गुणपत्रकांची एक प्रत आता वेगळ्या डिस्कवर असते आणि ती डिस्क एरवी कपाटात राहते. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या विषाणूवर याहून भरवशाचा उपाय मला माहीत नाही.

शेवटी वर्गासाठी एक प्रयोग. अँटिव्हायरस जागा आहे का हे पाहण्यासाठी ईआयसीएआर नावाची 68 अक्षरांची एक निरुपद्रवी फाइल आहे. ती उतरवताच पहारेकऱ्याने ओरडायला हवे. मुलांना ते दाखवा. मग घड्याळ हाती देऊन संगणक सुरू होण्याचा वेळ तीन-तीनदा मोजायला लावा आणि सरासरी काढायला सांगा. भाऊजी सुट्टीनंतर हा प्रयोग नववीच्या वर्गात करणार होते. परवा त्यांचा फोन आला. शाळेच्या संगणकावर फाइल उतरली तरी कुणीच ओरडले नाही. पाहिले तर पहारेकरी बंद. संगणक फार हळू चालतो म्हणून कुणीतरी केव्हातरी तो बंद करून ठेवला होता.